वर राहिलेला

माणसांना आभाळात नेऊन उलटं करणं हा एके काळी माझा धंदा होता. आज सांगताना थोडी लाज वाटते, तेव्हा मात्र छाती फुगायची. बोलपट नुकते गावोगाव पोहोचू लागले होते त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. एका हौशी संस्थानिकाने हौस फिटल्यावर काढून टाकलेलं वर-खाली दोन पंखांचं छोटं विमान माझ्याकडे होतं. मी आणि माझा मेकॅनिक असे दोघं ते घेऊन जत्रांमागून जत्रा करत हिंडायचो. तमाशाचे फड हिंडतात तसंच, फक्त आमच्या फडात नाचायचं काम उतारूचं पोट करायचं.

पुढच्या बैठकीत उतारू, मागच्या बैठकीत मी, दोघांच्याही डोक्यावर उघडं आभाळ. साधी फेरी हवी असेल तर गावाला एक वळसा घालून खाली. धीट माणसासाठी कोलांटी. विमान आधी खाली झोकायचं, वेग आला की नाक वर उचलायचं, उचलतच राहायचं, आणि पूर्ण वर्तुळ घेऊन परत सरळ व्हायचं. वर्तुळाच्या माथ्यावर जमीन डोक्यावर येते आणि पायाखाली आभाळ. तिथे मी मुद्दाम इंजिन मंद करायचो. एक-दोन क्षण सगळं शांत व्हायचं, फक्त पंखांमधल्या तारा शिट्टी घालायच्या. उतारूंच्या तोंडून देवाचं नाव निघायचं ते तिथेच. पुढची बैठक आणि मागची बैठक यांच्यामध्ये बोलण्यासाठी रबरी नळी होती, तिची टोकं आमच्या कानटोप्यांना जोडलेली असायची. त्यामुळे कोण कोणत्या देवाला बोलावतो ते मला नीट ऐकू यायचं. संध्याकाळी मेकॅनिकला नकला करून दाखवायचो.

मला स्वतःला भीती वाटत नसे. शिकत असताना माझ्या शिक्षकाने एकदा न सांगता मला उलटं केलं होतं. त्या क्षणी पोटात जे काही तुटलं ते तुटलं, आणि त्यानंतर भीती म्हणून कधी वाटलीच नाही. मी त्याला धैर्य म्हणत होतो. भीतीबरोबर आणखीही बरंच काही गेलं होतं. जेवणाला चव लागत नसे, कुणाच्या मरणाची बातमी आली तरी आत काही हलत नसे. पण अशा गोष्टींची तरुणपणी कोण दखल घेतो? साताऱ्याकडच्या माझ्या गावी माझी आत्या होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. विमान शिकायला निघालो तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "जा. पण पहिल्यांदा वर जाऊन आलास की आधी मला येऊन भेट." मी गेलो नाही. तिची पत्रं यायची, मी वाचायचो आणि पत्र्याच्या पेटीत टाकायचो. अशी सात वर्षं गेली होती.

त्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही तापीकाठी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला गेलो. नदीजवळ ज्वारी कापून मोकळं झालेलं एक शेत मिळालं. ढेकळं फोडून, काकऱ्या बुजवून त्याची धावपट्टी केली आणि वारा कळावा म्हणून बांबूला माझं जुनं धोतर बांधलं. पलीकडे दूरवर घोडेच घोडे. एका म्हाताऱ्या घोडेवाल्याने विमानाभोवती तीन फेऱ्या मारल्या, शेपटाखाली वाकून पाहिलं, पंखावर थाप मारली आणि मला विचारलं, "ह्याले खोड काय शे?"

"मधूनच उलटं होतं," मी म्हणालो.

"मंग नको माले," म्हणून तो निघून गेला. दोन दिवस आमचं बरं चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगेला गडी वडिलांबरोबर आला. तापीकाठचे बागाईतदार लोक, अंगावर स्वच्छ धुतलेले कपडे. त्याच्या हातात एका पांढऱ्या घोडीचा लगाम होता. घोडीचा सौदा अजून व्हायचा होता, पण दोन दिवस तो तिच्याजवळून हलला नव्हता असं त्याचे वडील कौतुकाने सांगत होते. त्यांच्याकडे घोडं घेण्याची एक रीत आहे. घेणारा आपलं तोंड घोड्याच्या नाकपुड्यांजवळ नेतो आणि हळूच श्वास सोडतो. घोड्याने मान खाली केली की धनी पटला. या घोडीने पहिल्याच दिवशी त्याच्या खांद्यावर मान टाकली होती म्हणे.

मी त्याला विचारलं, साधी फेरी की कोलांटी?

"कोलांटी," तो म्हणाला. "घोडावर बसनाराले कसानं भ्याव?"

एवढं बोलून तो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मला ते झोंबलं. भीती न वाटणं हा माझा मान होता आणि हा काल घोड्यावर बसलेला गडी त्यात वाटेकरी होऊ पाहत होता. मी मनात म्हटलं, थांब बेट्या, घोडामैदान जवळच आहे.

अडीच हजार फूट उंचीवर, तापी जिथे वळण घेते त्याच्या बरोबर वर मी विमान झोकलं आणि उचललं. माथ्यावर आल्यावर इतर वेळी मी विमान वळवायची दांडी ओढून धरत असे, म्हणजे विमान लगेच पलीकडे उतरतं. त्या दिवशी मी दांडी ढिली सोडली. विमान उलटंच राहिलं. आम्ही दोघं पट्ट्यांना लोंबकळत होतो. या इंजिनाला उलटं असताना तेल पोहोचत नाही, ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मला ते ठाऊक होतं, खाली झोकलं की ते पुन्हा सुरू होतं हेही ठाऊक होतं. त्याला नव्हतं. मी मनात दहापर्यंत मोजलं. डोक्यावर नदी लख्ख दिसत होती, तिच्या काठची यात्रा मुंग्यांसारखी. नळीतून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. सहा-सातपर्यंत तो ऐकू आला, आणि मग बंद झाला. ओरडला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. दिवा मालवावा तसा तो श्वास थांबला.

मी विमान सरळ केलं. इंजिन सुरू झालं. "काय पाटील, कसं काय?" मी नळीतून विचारलं. उत्तर आलं नाही.

खाली उतरल्यावर तो बसल्या जागेवरून उठला नाही. मेकॅनिकने पट्टे सोडले, काखेत हात घालून उतरवलं. उभा केला तर उभा राहिला, बसवला तर बसला. श्वास चालू होता, नाडी चालू होती. डोळे उघडे होते, पण त्यांत बघणारं कुणी नव्हतं. बापाने नावाने हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. शेवटी कुणीतरी घोडीला जवळ आणलं. तिने नाक पुढे करून त्याला हुंगलं, आणि एकदम कान मागे टाकून मागे मागे सरकू लागली. परका माणूस आला तर घोडं बिचकतं, तसं ते नव्हतं. समोर माणूसच नाही असं तिचं वागणं होतं. पाहणाऱ्यांपैकी दोघं-चौघं गुपचूप पाय काढते झाले.

दोंडाईच्याहून डॉक्टर आणला. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, पायाला टाचणी टोचली, म्हणाला धक्का बसला आहे, झोपू द्या, आपोआप ठीक होईल. पण तो झोपेना. रात्रभर डोळे उघडे ठेवून वर बघत राहिला असं सकाळी त्याचे वडील म्हणाले. दूध तोंडात घातलं तर ओघळून बाहेर. दुसरा दिवस तसाच गेला. वडील मला शिव्या देतील, कदाचित मारतीलही, अशी माझी तयारी होती. ते मुलाला यात्रेतल्या आपल्या राहुटीच्या दाराशी बसवायचे आणि स्वतः शेजारी मांडी घालून बसायचे, एवढंच. अन्नपाणी पोटात गेलं नाही तर तो किती दिवस काढणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. आमच्या शेताकडे आता कुणी फिरकत नव्हतं. मेकॅनिक आमच्या सहा वर्षांच्या सोबतीत पहिल्यांदा माझ्याशी बोलायचा बंद झाला.

मला अपराधी वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. मी केलं ते वाईट होतं हे मला ठाऊक होतं, जसं एखाद्या गावाचं नाव ठाऊक असतं. तेच मला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा विचित्र वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बैलगाडी आमच्या शेतात येऊन उभी राहिली. गाडीतून साठीच्या आसपासची एक काटक बाई उतरली. ती त्या मुलाची फुई, म्हणजे आत्या. ब्राह्मणपुरीला दिली होती. निरोप पोहोचताच निघाली होती. भाच्याला पाहून मगच ती माझ्याकडे आली होती. ना रडणं, ना आरडाओरडा. तिने आधी विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, तू त्याले वर लई गया," ती म्हणाली. "खाली लयना नही. कोठे सोडी उना?"

मी म्हणालो, बाई, तो काय तिथे राहुटीत बसलाय.

"ते आंग शे. तो नही."

मग तिने मला शेजारच्याला रस्ता सांगावा इतक्या सरळपणे सांगितलं. माणूस फार भ्याला की जिथे भ्याला तिथेच त्याचा जीव राहून जातो. विहिरीत पडता पडता वाचलेल्याचा विहिरीवर राहतो, झाडावरून पडलेल्याचा झाडावर. मग ज्या फुईने बारशाला त्याच्या कानात नाव सांगितलं तिनेच तिथे जायचं. त्या वेळी त्याच्या अंगावर होता तोच सदरा न धुता बरोबर न्यायचा. तीन हाका मारायच्या. ओ आली की सदरा घट्ट धरून परत फिरायचं, मागे पाहायचं नाही, वाटेत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या कुणाची हाक चालत नाही, आईचीही नाही. कारण जीव ज्या आवाजात पहिल्यांदा स्वतःचं नाव ऐकतो तोच आवाज ओळखतो. "मी त्यान्हा कानमा नाव सांगेल शे," ती म्हणाली. "माले वर लई चाल. जठे त्याले सोडं तठेच. आनि तितलंच उलटं करजो, जितलं त्याले करं."

मी हसलोसुद्धा असेन. म्हणालो, असलं काही नसतं, आणि तुमच्या वयाला हे झेपणार नाही, हृदय बंद पडेल. वर दोन गेले तर मी कुणाला तोंड दाखवू?

"तुले भ्याव वाटस का?" तिने विचारलं.

"नाही."

"मालूम शे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली की मीच नजर खाली घातली.

मेकॅनिकने तेवढ्यात इंजिनाचं झाकण उघडून तपासणी सुरूही केली होती. तो रोज सकाळी प्रार्थना करणारा ख्रिस्ती माणूस, जादूटोण्याचं नाव काढलं तरी छातीवर क्रूस काढायचा. मला वाटलं होतं तो तरी माझ्या बाजूने बोलेल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोघांनी बिघडवलंय आपण. डॉक्टरला दोन दिवस दिले. हिला अर्धा तास द्यायला काय जातं?"

तिने लुगड्याचा काचा घट्ट केला, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि वरून कानटोपी चढवू दिली. वाऱ्यासाठीचा चष्मा मात्र नको म्हणाली, काचेतून पोरगा मला ओळखायचा नाही. सदरा तिने छातीशी धरला आणि पट्टे त्यावरून आवळायला लावले. मेकॅनिकने पंखा फिरवला. आम्ही निघालो तेव्हा बाप शेताच्या बांधावर मुलाचा हात धरून उभा होता, आणि मुलगा त्या तीन दिवसांत प्रथमच मान वर करून विमानाकडे नाही, तर विमानाच्याही वर कुठेतरी बघत होता.

तापीचं वळण आलं. हवा अगदी स्थिर होती, हिवाळी, पातळ. मी विमान झोकलं, उचललं, माथ्यावर आणलं आणि दांडी ढिली सोडली. इंजिन खोकलं, बंद पडलं. तारांची शिट्टी. त्या शांततेत नळीतून तिचा आवाज आला. मला वाटलं होतं ती किंचाळेल. तिने भाच्याचं नाव घेतलं ते दारात उभं राहून अंगणातल्या पोराला जेवायला बोलवावं तसं, थोडं लांबवून, थोडं रागावून. मग थांबली. मीही नकळत ऐकत राहिलो. काही नाही. मी विमान सरळ केलं.

दुसऱ्या वेळी तिने हाक मारली आणि थांबली तेव्हा मला नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता, जलद, म्हातारा, जरासा घरघरणारा. आणि त्याच्या मागे आणखी एक श्वास होता. सावकाश चाललेला. मी स्वतःचा श्वास रोखून धरला, माझाच असेल म्हणून. तो चालूच राहिला. पुढची बैठक मला दिसत होती, तिच्यात एकच डोकं होतं. विमानाचा वेग मरू लागला तसा मी नाक खाली टाकलं, इंजिन धडधडलं आणि त्या आवाजात बाकी सगळं बुडालं. नळीत वारा शिरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सांगायला काय लागतं?

तिसऱ्या वेळी मी तिला हवं तेवढं थांबायचं ठरवलं. उलटे लोंबकळत आम्ही त्या वळणावर तरंगत होतो. नदी डोक्यावर, सूर्य पायाशी. तिने हाक मारली. या वेळी रागावून नाही, अगदी हळू, कानात सांगावी तशी.

"ओ," नळीतून आलं.

पुरुषाचा आवाज होता. झोपेतून उठलेल्या माणसासारखा, घोगरा. मी ऐकलं. आज सत्तरी उलटल्यावरही, कुठल्याही देवाची शपथ घालून विचारा, मी तेच सांगेन. तिने दोन्ही हातांनी सदरा गच्च मिठीत धरला, एखादं मूल निसटू नये म्हणून धरावं तसा. मी विमान सरळ केलं आणि तडक खाली निघालो. उतरताना विमान जड वाटत होतं. दांडीला ते जाणवतं. एका माणसाचं वजन वाढलं की उतरताना जितकी पट्टी जास्त लागते तितकी लागली, आणि बांधापाशी जेमतेम थांबलो.

मी विचारलं, "झालं का?" तिने उत्तर दिलं नाही, मागे पाहिलं नाही. मेकॅनिकने उतरवलं, त्याच्याकडेही पाहिलं नाही. कानटोपी तशीच डोक्यावर, सदरा कवटाळलेला, अनवाणी ती शेतातून सरळ चालत गेली. दोनदा ढेकळात अडखळली, पण कुणी हात दिला तो तिने घेतला नाही. मुलापुढे उभी राहून तिने सदरा त्याच्या डोक्यावरून घातला, हात बाह्यांत घातले.

"उना का?" बापाने विचारलं. आला का, हे रीतीप्रमाणे बापाने विचारायचं असतं.

"उना," ती म्हणाली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. तेवढ्या वेळात बापाचा चेहरा मी पाहिला आणि तो मी विसरू शकलेलो नाही. मग मुलाने डोळे मिटले. तीन दिवसांनी पहिल्यांदा त्याची पापणी लवली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, ओठ चाटले आणि विचारलं, "घोडी लिधी का?"

बाप तिथल्या तिथे मातीत बसला आणि ढसाढसा रडू लागला. मेकॅनिकही तोंड फिरवून रडत होता. कुणीतरी घोडी आणली. ती आली, हुंगलं, आणि मान त्याच्या खांद्यावर टाकली. मी कोरडाच उभा होतो. सगळे रडत-हसत असताना आपण लाकडासारखे उभे आहोत हे फार एकाकी वाटतं.

दुपारी निघण्याआधी फुई कानटोपी परत द्यायला आली. मी तिची माफी मागितली, शब्द बरोबर होते. ती ऐकून घेत नव्हतीच.

"वर दोन झनस्नी ओ दिधी," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी ओ दिली नाही, मी तोंडही उघडलं नव्हतं.

"तू नही. तू आठेच बठेल व्हता. तो दुसरा वर शे. लई दिननं शे. एकटाच." तिने माझ्या छातीकडे पाहिलं, रिकाम्या घराच्या खिडकीतून आत डोकावावं तसं. "तू पैल्यांदा उलटा व्हयना, तव्हय तुले कोनी बलावं?"

"कुणी नाही."

"तुन्हं नाव कोनी ठेवं?"

"आत्याने."

"जिती शे का ती?"

"आहे."

"मंग जाय. माले तो वळखत नही, मी नही लई येवू शकस. तिनी बलावं तरच तो यी." एवढं बोलून ती गाडीत चढली. मी तिला नमस्कार करायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले. अर्ध्या माणसाचा नमस्कार कसा घ्यायचा, असंच तिला वाटलं असणार.

आम्ही दुसऱ्या दिवशी विमान काढलं. तापीच्या वळणावरून जायचा सरळ रस्ता होता, मी लांबचा घेतला. पुण्याला विमान मेकॅनिकच्या हवाली केलं आणि गावी गेलो. मी काही तिच्यावर विश्वास ठेवून गेलो असं नाही. विश्वास ठेवायलाही आत काहीतरी लागतं. पाय गेले, मी त्यांच्याबरोबर गेलो.

आत्या परसदारी उन्हात बसली होती. तिची नजर गेली होती हे मला माहीत नव्हतं. पत्रांत तिने लिहवून घेतलंही असेल, वाचूनही ते माझ्या आत पोहोचलं नसेल. मी जवळ बसून माझं नाव सांगितलं. तिने माझा चेहरा, खांदे, हात चाचपले, नखंसुद्धा. मग हात काढून घेतले.

"तो नाही आला अजून," ती शांतपणे म्हणाली. "तो वर असतो."

तिच्या डोक्यात काही बिघडलेलं नव्हतं. मी आलो तेव्हा शेजारणीशी ती हरभऱ्याच्या भावाबद्दल चांगली हुज्जत घालत होती. त्या वेळचा सदरा कधीच विरून गेला होता, म्हणून मी अंगातला सदरा काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "मग त्याला हाक मार."

तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती भिंतीला धरून उठली, सदरा छातीशी धरून परसाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि आंधळे डोळे वर करून तिने मला हाक मारली. जेवायला बोलवायची तीच हाक. सात वर्षांत त्या आवाजात माझं नाव मी ऐकलं नव्हतं. पहिली हाक. दुसरी. तिसरी. मला वाटलं मी पडतोय, फार उंचावरून पडतोय, पट्टे नाहीत, इंजिन बंद आहे आणि खाली धरायला काही नाही. मी किंचाळलो. भीती, साधी नागडी भीती, सात वर्षांची एकदम अंगावर आली. आत्याने चाचपडत येऊन सदरा माझ्या डोक्यावरून घातला, लहानपणी घालायची तसा, आधी मान, मग एक हात, मग दुसरा.

"आलास का?"

"आलो," मी म्हणालो. त्यानंतर मी पुन्हा कधी विमानात बसलो नाही. मला भीती वाटते.

संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने आमटी-भाकरी वाढली, अंदाजाने. मी पहिला घास घेतला आणि थांबलो.

"आत्या, आमटीत मीठ जास्त झालंय."

आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग पाणी घाल."